मॉरिशस–रॉड्रिग्ज विमानप्रवास : अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

रॉड्रिग्ज हे मॉरिशसचेच बेट असले तरी मुख्य बेटापासून पूर्वेला बरेच दूर आहे, आणि महाराष्ट्रातून मॉरिशसला जाणारे पर्यटक किंवा तिथल्या मराठी कुटुंबांकडे जाणारे पाहुणे पुढे रॉड्रिग्जचा बेत आखतात तेव्हा त्यांचे हिशेब बहुधा इथेच चुकतात.

अंतराचे आकडे 560 पासून 600 किलोमीटरच्या पुढेपर्यंत वेगवेगळे सापडतात, कारण कोणी किनाऱ्यापासून किनारा मोजतो, तर कोणी बेटाचा मध्य धरतो. विमानप्रवासासाठी प्लेझान्सचा सर शिवसागर रामगुलाम विमानतळ आणि रॉड्रिग्जचा प्लेन कोराय विमानतळ हीच दोन टोके धरावीत. त्यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 598 किलोमीटर, म्हणजेच सुमारे 323 सागरी मैल भरते. हा 323 चा आकडा साधे मैल समजून किलोमीटरमध्ये बदलला, तर अंतर 520 किलोमीटरच येते.

अक्षांश-रेखांशांवरून स्वतः गणित करणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही विमानतळ दक्षिण गोलार्धात आहेत, त्यामुळे अक्षांशापुढचे उणे चिन्ह एकाच ठिकाणी राहून गेले तर उत्तर थेट साडेचार हजार किलोमीटर येते. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. रेखांशाच्या एका अंशाचे 111 किलोमीटर धरण्याची चूक मात्र लपून राहते : विषुववृत्तावर ते बरोबर असते, पण वीस अंश दक्षिणेला तेच अंतर 104–105 किलोमीटर होते, आणि या मार्गावर तेवढ्यानेच 35–40 किलोमीटरची तफावत पडते.

वेळेच्या बाबतीतली चूक याहून मोठी आहे. जेट विमानाचा ताशी 850 किलोमीटर वेग धरून भागाकार केला की 42 मिनिटे येतात. परंतु प्लेन कोरायची जुनी धावपट्टी जेमतेम 1,300 मीटरची असल्याने या मार्गावर पंख्याची एटीआर 72 विमाने उडत आली आहेत, आणि त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे नुसत्या उड्डाणालाच सव्वा तास लागतो. वेळापत्रकातला सुमारे दीड तास हा विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा असतो, हे लक्षात न घेता त्याला विलंब समजू नये. ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला तर सुमारे 80 मिनिटे, पाठीमागून आला तर 65 मिनिटे लागतात, म्हणून जाण्याची वेळ दुप्पट करून येण्याजाण्याचा हिशेब मांडू नये.

दोन्ही बेटांवर घड्याळ एकच असते, जरी रॉड्रिग्जला सूर्य सुमारे 23 मिनिटे आधी उगवतो. फरक पडतो तो भारताशी : मॉरिशसची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे मुंबईहून निघण्याची आणि तिथे पोहोचण्याची तिकिटावरची वेळ वजा केली तर प्रवास दीड तासाने कमी दिसतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा मोसम आहे. या काळात रॉड्रिग्जहून परतण्याचे विमान आणि मुंबईचे विमान एकाच दिवशी घेऊ नये. मध्ये निदान एक मुक्काम मॉरिशसमध्ये ठेवावा, कारण विमान रद्द झाले तर पर्याय उरतो तो जहाजाचा, आणि त्याला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो.