पेन्शन इथे, मुक्काम तिथे : मुलांकडे परदेशी कायमचं जाण्याआधी काय काय करावं

‘पेन्शन तिकडे डॉलरमध्ये मिळेल का?’ मुलांकडे कायमचं जायला निघालेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो. नाही मिळत. राज्य सरकारची असो, केंद्राची असो, बँकेची असो की भविष्य निर्वाह निधीची, पेन्शन रुपयांतच आणि भारतातल्या खात्यातच जमा होते. तिथून ती परदेशात न्यायची की इथेच साठू द्यायची, हे आपण ठरवायचं. परदेशी गेलात म्हणून ती बंद होत नाही. बंद होते ती एक कागद वेळेत न पोचल्याने. त्या कागदाकडे येऊच, पण आधी दिवस मोजायला हवेत. कराचं सगळं गणित त्या मोजणीवर उभं आहे.

पायरी १ : दिवस मोजा

आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिलात तर आयकरासाठी तुम्ही त्या वर्षी ‘निवासी’. दुसरा नियम बरेच जण विसरतात : त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तरीही निवासीच. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला या साठ दिवसांच्या नियमातून सूट आहे. नातवंडांत राहायला निघालेल्या निवृत्त माणसाला ती नाही.

याचा अर्थ, ऑगस्टमध्ये विमानात बसलात तर एप्रिलपासूनचे साठ दिवस कधीच उलटलेले असतात आणि ते अख्खं वर्ष तुम्ही निवासी म्हणून मोजले जाता. अनिवासीपण सुरू होतं ते पुढच्या १ एप्रिलपासून. पुढे दर वर्षी भेटीला आलात तर साठऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागते. मात्र भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर ती १२० दिवसांवर येते. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा आणि मोजणी काठावर आणू नका, पाच-सात दिवस हातचे राखा.

दुबईला जाणाऱ्यांसाठी एक जादा कलम आहे. तिथे व्यक्तीच्या उत्पन्नावर आयकर नाही. भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त असेल आणि तो जगात कुठेच करपात्र रहिवासी नसेल, तर भारतात एक दिवसही न राहता त्याला निवासी मानलं जातं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून इथे क्रमांकांच्या फार मागे लागलेलो नाही. दिवसांचे हे नियम तेच आहेत.

पायरी २ : अनिवासी झाल्यावर कर किती वाढतो ते आधी काढा

भारतात केलेल्या नोकरीची पेन्शन भारतात करपात्र असते, तुम्ही कुठेही राहा. ‘मी आता एनआरआय, मला इथला कर नाही’ हा समज डोक्यातून काढून टाका. उलट कर वाढतो.

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती करमाफी दरांमुळे नाही, जुन्या कायद्यात ८७ए या कलमाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीमुळे आहे, आणि ती सवलत फक्त निवासींना मिळते. अनिवासी माणसाला दरांचा तक्ता जसाच्या तसा लागतो : पहिल्या ४ लाखांवर शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के आणि असंच वर.

समजा, महिना ८१,२५० रुपये पेन्शन आहे. वर्षाचे ९,७५,००० झाले. ७५,००० ची प्रमाणित वजावट अनिवासींनाही मिळते, ती जाऊन उरले ९ लाख. पुण्यात राहिलात तर कर शून्य. वर्षभर टोरांटोत राहिलात तर ३०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१,२०० रुपये. महिना ४०,००० पेन्शन असेल तर हाच कर २६० रुपये येतो, त्यासाठी झोप उडवायचं कारण नाही. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन हेच ज्यांचं इथलं उत्पन्न आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना कर लागणारच नाही.

ज्येष्ठ नागरिक म्हणून अंगवळणी पडलेल्या बाकीच्या सवलतीही निवासींसाठीच आहेत. जुन्या प्रणालीतली ३ आणि ५ लाखांची वाढीव मर्यादा गेली. ठेवींच्या व्याजावरची ५०,००० ची वजावट गेली. व्याजावर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, जुन्या कायद्यातला १५एच, दर एप्रिलमध्ये बँकेत भरून द्यायची सवय असेल, तर तीही सोडावी लागेल. अनिवासी माणसाने तो फॉर्म देणं म्हणजे खोटं निवेदन. आगाऊ कर भरण्यातून ज्येष्ठांना असलेली सूट अनिवासींना नाही. वर्षाचा कर कापलेल्या टीडीएसपेक्षा (देतानाच कापून घेतलेल्या करापेक्षा) १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा पाळायच्या, नाहीतर व्याज बसतं. घोडं इथेच अडतं : तुम्ही अनिवासी झालात हे पेन्शन देणाऱ्या बँकेच्या संगणकाला सांगेपर्यंत कळत नाही. तो सवलत धरून टीडीएस शून्य दाखवतो आणि जुलैत विवरणपत्र भरताना सगळा कर एकदम अंगावर येतो.

म्हणूनच ज्यांचं सगळं उत्पन्न भारतातलंच आहे, अशा जोडप्याने वर्षातले सहा महिने आणि वर थोडे दिवस गावी काढणं माझ्या मते अजिबात वाईट नाही. हापूसही मिळतो आणि करही वाचतो. तिकिटाचा खर्च मात्र धरा, नाहीतर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

पायरी ३ : खातं ‘एनआरओ’ करून घ्या

परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, वेगळा. तो दिवस मोजत बसत नाही, हेतू बघतो. अनिश्चित काळासाठी राहायला गेलात की त्या कायद्याने तुम्ही निघाल्यापासूनच अनिवासी, भले आयकराच्या लेखी वर्षअखेरपर्यंत निवासी असा. पर्यटक व्हिसावर सहा महिने जाऊन येणाऱ्याला हे लागू नाही.

कायमचे निघालात तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या रुपया खात्याच्या प्रकारात बदलावं लागतं. पेन्शन एनआरओ खात्यात बिनदिक्कत जमा होते. जाण्याआधी शाखेत जाऊन एकच गोष्ट नीट विचारा : खाते क्रमांक तोच राहणार की नवा मिळणार? नवा मिळणार असेल तर पेन्शन देणाऱ्या यंत्रणेला तो लेखी कळवून पोच घ्या. राज्य शासनाच्या पेन्शनधारकांनी जिल्हा कोषागाराला, मुंबईकरांनी अधिदान व लेखा कार्यालयाला, केंद्राच्या पेन्शनधारकांनी बँकेच्या केंद्रीय पेन्शन केंद्राला. हे राहून गेलं की पेन्शन बंद खात्यावर आपटून परत जाते आणि मग न्यू जर्सीहून साताऱ्याला फोन लावत बसावं लागतं.

मुदत ठेवीही एनआरओ होतात आणि त्यांच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागायचा. अनिवासींना आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

भारतातलं सिम कार्ड चालू ठेवा आणि रोमिंगवर एसएमएस येतो का, हे निघण्याआधी पक्कं करा. ओटीपी आला नाही तर बाकी सगळी तयारी फुकट.

पायरी ४ : हयातीचा दाखला

सुरुवातीला म्हटलेला कागद तो हाच. सरकारी पेन्शनधारकांनी तो देण्याचा महिना नोव्हेंबर. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी वर्षात कधीही दिलेला दाखला पुढचे बारा महिने चालतो, म्हणून ते लोक विमानात बसायच्या आठवड्यातच तो देऊन टाकू शकतात. दाखला चुकला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दिल्यावर थकबाकीसह सुरू होते. पण थांबलेली पेन्शन दुसऱ्या खंडातून सुरू करून घेणं हा मनस्तापच.

सोपा मार्ग ‘जीवन प्रमाण’चा, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचा. ही सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून बोटांच्या ठशांऐवजी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही काम होतं. मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप लागतात. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल हाताशी ठेवा. एकदा इथे असतानाच करून बघा. वयामुळे ठसे उमटत नाहीत अशांना चेहऱ्याची सोय फार उपयोगी पडली आहे.

ते नाही जमलं तर कागदी दाखला. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासात पासपोर्ट आणि पीपीओ दाखवून सही-शिक्का घ्यायचा आणि मूळ प्रत बँकेला किंवा कोषागाराला पाठवायची. टपालाला लागणारे दिवस धरून ऑक्टोबरच्या शेवटी हालचाल सुरू करा.

पायरी ५ : दोन देशांचा कर एकमेकांशी जुळवा

इथे प्रत्येक देशाचा करार वेगळा, म्हणून अमेरिकेचंच उदाहरण घेतो. भारत-अमेरिका करारात पेन्शनचे दोन कप्पे आहेत. सरकारी सेवेची पेन्शन सामान्यतः देणाऱ्या देशातच करपात्र, म्हणजे भारतात. खासगी पेन्शन आणि ॲन्युइटी (विकत घेतलेली ठरावीक नियमित रक्कम) फक्त राहत्या देशात, म्हणजे अमेरिकेत. खासगी कंपनीच्या पेन्शनवर भारतात सूट हवी तर अमेरिकी कर खात्याकडून तिथले करनिवासी असल्याचं प्रमाणपत्र आणून देणाऱ्या संस्थेला आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं. सरकारी बँकेची पेन्शन सरकारी तिजोरीतून नव्हे, बँकेच्या पेन्शन फंडातून येते. ती कुठल्या कप्प्यात घालायची हे सीएला विचारूनच ठरवा.

ग्रीन कार्डवाल्यांची गोम पुढे आहे. सरकारी पेन्शनला अमेरिकेत मिळणारी सूट ग्रीन कार्डधारकांना लागू होत नाही. त्यांनी ती पेन्शन अमेरिकेतल्या विवरणपत्रातही दाखवायची आणि भारतात भरलेल्या कराचं श्रेय तिथे फॉर्म १११६ वर मागायचं. त्यातही वर्षं जुळत नाहीत : आपलं एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे बँक पुस्तिकेतल्या नोंदी महिनावार उतरवून ठेवा, आर्थिक वर्षाच्या टीडीएस दाखल्यावर (जुन्या कायद्यातला फॉर्म १६) भागत नाही.

अमेरिकेचा करनिवासी असाल आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ‘एफबार’ नावाची माहिती ऑनलाइन भरावी लागते. कर लागत नाही, पण न भरल्याचा दंड जबर असतो. मुदत ठेवी धरल्या तर आपल्याकडच्या बहुतेक निवृत्तांची बेरीज त्या रेषेपलीकडे जाते. पर्यटक व्हिसावर दर वर्षी पाच-सहा महिने राहणारे आईवडीलसुद्धा तीन वर्षांच्या दिवसांच्या बेरजेने तिथले करनिवासी ठरू शकतात, हे मुलांनाही माहीत नसतं.

पायरी ६ : पैसे तिकडे न्यायचे असतील तर

एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशात नेता येते, आणि पेन्शन हे चालू उत्पन्न असल्याने कर भरलेली पेन्शन त्या मर्यादेबाहेर धरली जाते. बँक कर भरल्याचा पुरावा मागते. वर्षानुवर्षे १५सीए आणि सीएचा १५सीबी या नावांनी ओळखले जाणारे ते कागद. दर महिन्याला पाठवण्यापेक्षा सहा महिन्यांनी एकदा पाठवलंत तर सीएची फी आणि बँकेचे आकार वाचतात.

निघण्याआधी पीपीओ उघडून बघा

जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर बरोबर आहे ना? स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं ना? कुटुंबनिवृत्तिवेतन पुढे यावरूनच सुरू होतं. त्यावर ७५,००० ची वजावट नसते. एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी असेल ती रक्कम नव्या प्रणालीत वजा होते. परदेशात मृत्यू झाला तर तिथल्या दाखल्याबरोबर भारतीय दूतावासातही नोंद करून घ्यायची आणि बँकेला लगेच कळवायचं, कारण त्या तारखेनंतर जमा झालेली पेन्शन बँक परत वळती करून घेते. पीपीओची मूळ प्रत केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात टाकू नका.