नवी गाडी घेताना शोरूममध्ये व्यवहार कसा करावा

गाडी घ्यायची म्हटली की सल्ले सुरू होतात. चेहऱ्यावर आवड दिसू देऊ नका, दोनदा उठून निघून जा, थेट मॅनेजरलाच बोलवा, जरा आवाज चढवा. यातल्या एकाही युक्तीने किंमत उतरलेली मी पाहिलेली नाही. समोरचा सेल्समन हेच प्रकार दिवसभर बघत असतो. घरच्यांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर, ऑफिसातल्या लोकांबरोबर मी अनेकदा त्या टेबलाशी बसलो आहे. कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचता येणाऱ्यांचेच पैसे तिथे वाचतात.

मॉडेल, इंधन आणि व्हेरिएंट घरीच ठरवून जा. टेस्ट ड्राइव्ह घरच्यांना बसवून, एसी लावून, चढावर घ्या. बजेट विचारलं तर ऑन-रोड आकडा, म्हणजे टॅक्स, नोंदणी आणि विमा धरून होणारा एकूण खर्च, सांगा, हप्ता किती झेपेल ते सांगू नका.

कोटेशन किमान दोन शोरूममधून घ्या आणि त्यांचे मालक वेगळे आहेत याची खात्री करा. एकाच मालकाच्या दोन शाखा फिरून काही उपयोग होत नाही, कारण तुमचा मोबाइल नंबर पहिल्या शाखेतच नोंदला गेलेला असतो. वेळेचं म्हणाल तर दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी गाडी घरी हवी असेल तर भाव बराच आधी पक्का करा. मुहूर्ताच्या आठवड्यात शोरूमला तुमची गरज नसते. पितृपक्षात मात्र बरेच लोक बुकिंग टाळतात. ज्यांना त्याची अडचण वाटत नाही त्यांनी पितृपक्षात भाव ठरवून दसऱ्याला गाडी न्यावी. डिसेंबरमध्ये सूट मोठी मिळते, पण जानेवारी लागला की ती गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते. सात-आठ वर्षं वापरणार असाल तरच त्या सुटीत अर्थ आहे. आणि ज्या गाडीला चार महिन्यांचं वेटिंग आहे तिच्यावर सूट मागण्यात वेळ घालवू नका. तिथे फक्त फालतू खर्च काढून टाकता येतात.

सेल्समनशी सरळ, आदराने बोला. तो बहुतेकदा पंचविशीतला मुलगा असतो, पगार बेताचा आणि बाकी सगळं इन्सेन्टिव्हवर. इन्सेन्टिव्ह नुसत्या गाडीवर नसतो, विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीवरही असतो. त्याच्यावर डाफरून काहीच हाती लागत नाही. किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला एका मर्यादेपर्यंतच असतो. "मॅनेजरशी बोलून येतो" म्हणाला तर येऊ द्या, पण परत येताना कागद घेऊन या म्हणून सांगा.

आता खरी पायरी: कोटेशन

मला सगळ्यात जास्त घाम इथेच फुटायचा, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचे पैसे इथेच जातात. टेबलाशी बसलं की सेल्समन ब्रोशर उलटं करतो, मागच्या कोऱ्या जागेत पेनने चार आकडे लिहितो, खाली रेघ मारून बेरीज करतो आणि त्यातून "डिस्काउंट" म्हणून एक आकडा वजा करून गोल करतो. त्या ब्रोशरला काडीची किंमत नाही. शोरूमच्या नावाचं, तारखेचं, प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारं कोटेशन ईमेलवर मागा. ते येईपर्यंत सुटीचा विषयच काढू नका. एका ओळीत दिलेली सूट दुसऱ्या ओळीत वसूल झाली आहे का, हे सगळ्या ओळी समोर असल्याशिवाय कळत नाही.

कागद आला की त्यातल्या ओळींचे दोन भाग करा. पहिल्या भागात ज्यांचा दर शोरूमच्या हातात नाही अशा रकमा: एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची), रोड टॅक्स, नोंदणी फी, टीसीएस (शोरूमने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर), फास्टॅग. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांना 12 टक्के रोड टॅक्स लागतो. डिझेलला हेच दर 13 आणि 14 टक्के आहेत. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर थेट 20 टक्के. म्हणजे साडेनऊ लाखांच्या पेट्रोल गाडीचा टॅक्स साधारण 1,04,500 रुपये. खासगी कारची नोंदणी फी 600 रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे 1,500 आणि स्मार्ट कार्डचे 200. "आरटीओ चार्जेस" या एकाच ओळीत याहून बरेच जास्त पैसे दिसले तर फोड मागा आणि सरकारी पावतीची प्रत मिळेल ना, हे लिहून घ्या. पावतीचं नाव निघाल्यावर आकडा खाली आलेला मी पाहिलेला आहे.

गाडी 10 लाखांच्या वर गेली की 1 टक्का टीसीएस लागतो. तो पैसा जात नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो. म्हणून पॅन नंबर बरोबर लिहिला आहे का, एवढंच बघा.

दुसऱ्या भागात उरलेलं सगळं: हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज, बेसिक किट, टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी, रोडसाइड असिस्टन्स आणि विमा. हँडलिंग चार्ज सरकार घेत नाही आणि गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं हा डीलरचा धंद्याचा खर्च आहे. तो काढा म्हणून स्पष्ट सांगा. "सिस्टिममध्ये फिक्स आहे, सर" असं उत्तर येईल. तेवढीच रक्कम सुटीत वाढवून द्या, म्हणावं. बेसिक किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर असला माल. तो कोणालाही सक्तीचा नाही आणि बाहेर बराच स्वस्त मिळतो. टेफ्लॉन कोटिंग नव्या गाडीला नकोच, माझं मत पक्कं आहे. वाढीव वॉरंटी मात्र मी घ्या म्हणतो, विशेषतः ऑटोमॅटिक आणि टर्बो गाड्यांना, फक्त ती कंपनीची हवी. डीलरने दुसऱ्याच कुणाची योजना गळ्यात मारू नये.

राहिला विमा. यातच सगळा खेळ आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं, म्हणून तो कोणत्याही कंपनीकडे सारखाच. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या कारला 6,521 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 10,640 आणि त्याच्या वर 24,596, अधिक जीएसटी. यात शोरूमला काही करता येत नाही. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला सगळे ओडी म्हणतात. तो एकच वर्षाचा घेता येतो. तीन वर्षांचा ओडी कुणी सक्तीचा सांगत असेल तर ते खोटं आहे. शोरूमची पॉलिसी उघडली की ओडीच्या खाली झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाएवढी रक्कम), किल्ली हरवली तर, टायर फुटला तर, गाडीतलं सामान चोरीला गेलं तर अशी रांग दिसते. झिरो डेप घ्या. पावसात पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. रिटर्न टू इन्व्हॉइस पहिल्या वर्षी उपयोगी आहे. बाकीचे काढायला सांगा. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लेखी द्यावं लागतं.

मग त्याच गाडीचं कोटेशन बाहेरून काढा. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवा. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या 95 टक्के असते. बाहेरचा हप्ता फारच कमी दिसला तर बहुतेकदा आयडीव्ही पाडलेली असते किंवा झिरो डेप गायब असतो.

बाहेरचा विमा आणतो म्हटलं की दोन वाक्यं ऐकायला मिळतात. पहिलं, "सर, मग कॅशलेस मिळणार नाही." कॅशलेस मिळणं विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर अवलंबून असतं, पॉलिसी कुठून काढली यावर नाही. विमा कंपनीच्या वेबसाइटवर वर्कशॉपची यादी असते, त्यात तुमचं वर्कशॉप शोधा आणि ते पान त्याला दाखवा. दुसरं, "मग डिस्काउंट कमी होईल." या दुसऱ्या वाक्यावर मात्र चिडू नका, ते खरं असू शकतं. शोरूमला विम्यातून पैसे मिळतात आणि त्यातूनच ते सूट देतात. अशा वेळी दोन लेखी आकडे मागा: त्यांच्या विम्यासह एकूण ऑन-रोड आणि विम्याशिवाय एकूण. विम्याशिवायच्या आकड्यात बाहेरचा हप्ता मिळवा आणि जो एकूण आकडा कमी तो घ्या. कधी कधी शोरूमचाच कमी निघतो. बाहेरचं कोटेशन समोर ठेवल्यावर त्यांचा विमा खाली येतो आणि सूटही राहते, हे तर बरेचदा होतं. विमा त्यांच्याकडूनच घ्यायला हवा अशी सक्ती कोणी करू शकत नाही, हे माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूरच बदलतो.

बाहेरून विमा घेणाऱ्यांसाठी एक इशारा. नोंदणीआधी पॉलिसी लागते आणि पॉलिसीला चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं अचूक नाव लागतं. हे नंबर शोरूमकडे असतात आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत मिळत नाहीत. मग मुहूर्त गाठायचा म्हणून माणूस त्यांचाच विमा घेतो. गाडी अलॉट झाली की हे नंबर असलेलं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (कच्चं बिल) ईमेलवर द्यायचं, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

जुनी गाडी देणार असाल तर नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओडीच्या मूळ हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. सेल्समन हे आपण होऊन क्वचितच सांगतो. एक्स्चेंजचा भाव नव्या गाडीची किंमत पक्की झाल्यावरच काढा, त्याआधी बाहेर दोन ठिकाणी जुन्या गाडीची किंमत करून घ्या. गाडी देताना तारीख-वेळ घातलेली पोच घ्या आणि आरसी नव्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या अंगावर येते, गाडी विकलेली असली तरी.

कर्ज

आधी तुमच्या बँकेतून मंजुरीपत्र आणा, मग शोरूमच्या फायनान्सवाल्याशी बोला. "फ्लॅट सहा टक्के" ऐकून खूश होऊ नका. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज, घटत्या शिलकीवर म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर. 8 लाख पाच वर्षांसाठी फ्लॅट 6 टक्क्यांनी घेतले तर हप्ता 17,333 रुपये बसतो आणि घटत्या शिलकीवर तो दर जवळजवळ 11 टक्के होतो. नेहमी घटत्या शिलकीचाच दर विचारा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड लेखी घ्या.

पैसे आणि गाडी तपासणी

बुकिंगसह सगळे पैसे शोरूमच्या कंपनी खात्यातच भरा, चेकने किंवा आरटीजीएसने, आणि प्रत्येक वेळी पावती. सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, तो कितीही ओळखीचा असो. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे फॉर्मवरच लिहून घ्या.

पूर्ण रक्कम नोंदणीआधी द्यावी लागते, पण गाडी बघितल्याशिवाय देऊ नका. स्टॉकयार्डवर, दिवसाउजेडी, नोंदणीच्या आधी. "धुवून शोरूममध्ये आली की बघा" यावर ठाम नकार द्या, कारण तोवर नंबर पडलेला असतो आणि गाडी बदलून मिळत नाही. चेसिस नंबर इन्व्हॉइसशी जुळवा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर बघा, एखादा वेगळ्याच काळातला असेल तर कारण विचारा. दार आणि बंपर यांच्या मधल्या फटी, रंगाची छटा, काचांवरचे ओरखडे, मीटरवरचे किलोमीटर. फॉर्म 21 वर, म्हणजे शोरूमच्या विक्री प्रमाणपत्रावर, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, तेही आत्ताच बघा. काही खटकलं तर फोटो काढा, दुसरी गाडी मागा.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढे, हार, फोटो होऊ द्या, पण त्याआधी टॅक्स इन्व्हॉइस, विमा पॉलिसी, टॅक्सची पावती, वॉरंटीचे कागद आणि दोन्ही किल्ल्या हातात घ्या. इन्व्हॉइसवरची रक्कम ठरलेल्या कोटेशनशी ताडून बघा. कबूल केलेली सूट त्यात दिसत नसेल तर ती क्रेडिट नोट म्हणून कधी मिळणार, हे लेखी हवं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. पैसे अडकले आणि शोरूम फोन उचलत नसेल तर कोटेशन, पावत्या आणि ईमेल जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 या नंबरला तक्रार नोंदवा, आणि त्या तक्रारीचा क्रमांक शोरूमच्या मॅनेजरला आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने कळवा.