कोजागरीच्या आत स्लॅब

पाऊस उघडला की नाशिकमधल्या साइट जोरात सुरू होतात आणि प्रत्येक क्लायंटला स्लॅब दिवाळीआधी हवा असतो. तरुण आर्किटेक्टनी तारीख उलटी मोजावी. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसीला, म्हणजे मिश्र सिमेंटला, १०. कोजागरी ते वसुबारस साधारण १२ दिवस मिळतात, म्हणून स्लॅब कोजागरीच्या आतच टाका. नंतर मजूर गावी जातात. मागच्या लक्ष्मीपूजनाला गंगापूर रोडच्या साइटवर मीच पाइप धरून उभी होते. घरी लेक नवा परकर घालून, हातात पणती घेऊन दारात थांबलेली. ते अजून टोचतं. क्लायंटला तारीख नवरात्रातच लिहून द्या, तोंडी नको.