एका तारेचा सिग्नल, दोन पिनांचा एडीसी

सिग्नल सिंगल-एंडेड (एकाच तारेवर, ग्राउंडच्या तुलनेत मोजायचा) आणि एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारी चिप, डिफरेन्शियल (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पिनांतला फरक मोजणारी), म्हणून पहिल्यांदा मी निगेटिव्ह पिन सरळ ग्राउंडला टाकली होती. साइन वेव्हचा खालचा अर्धा भाग साफ कापला गेला. सिग्नल शून्याखाली जायला लागला की चिपमधला संरक्षक डायोड सुरू होतो, तिथेच थांबतं सगळं.

म्हणून दोन्ही पिना शून्य आणि रेफरन्स (एडीसी ज्याच्या तुलनेत मोजतो ते व्होल्टेज) यांच्या मधोमध बसवायच्या. माझ्या बोर्डावर रेफरन्स २.५ व्होल्ट, म्हणजे बायस (पिनांचं हे मधलं स्थिर व्होल्टेज) १.२५. रेफरन्सवरून दोन सारख्या रेझिस्टरनी निम्मं व्होल्टेज काढा आणि ऑप-अँप बफरमधून (व्होल्टेज तेच ठेवून करंट पुरवणारा टप्पा) न्या. (बफरच्या आउटपुटला मोठा कपॅसिटर थेट लावू नका, बरेच ऑप-अँप ऑसिलेट होतात.) बफरपासून १० किलोओहमचा एक रेझिस्टर पॉझिटिव्ह पिनला, तसाच दुसरा निगेटिव्हला. सिग्नल १० मायक्रोफॅरडमधून पॉझिटिव्हला आणा. निगेटिव्हलाही तेवढाच कपॅसिटर लावा, पण त्याचं दुसरं टोक सिग्नल जिथून निघतो तिथल्या ग्राउंडला न्या, एडीसीशेजारच्या नव्हे.

हा दुसरा कपॅसिटर फुकटचा वाटतो, पण खरी करामत त्याचीच. बायसमधला नॉइज आणि दोन ग्राउंडमधला गुणगुणाट दोन्ही पिनांवर सारखाच पोचतो आणि वजाबाकीत जातो. एडीसीच्या पिना ओढतात त्या इनपुट करंटचंही तेच: १ मायक्रोअँपला १० किलोओहमवर १० मिलीव्होल्ट पडतात, पण दोन्हीकडे सारखेच.

१० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडच्या या जोडीचा कट-ऑफ (याखालच्या फ्रिक्वेन्सी दबतात) साधारण १.६ हर्ट्झ आणि टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती वेळात चार्ज होतो त्याचं माप) ०.१ सेकंद. बोर्ड चालू केल्यावर आकडे सरकत राहायचे. तापमानाचा ड्रिफ्ट समजून मी अख्खी दुपार घालवली. शेवटी ऑसिलोस्कोप लावला, तर कपॅसिटर चार्ज होत होते! दोघांत १० टक्क्यांचा फरक असला तरी १६ बिटला सुरुवातीला काहीशे कोड (एडीसीच्या आकड्याच्या पायऱ्या) इकडेतिकडे होतात. आता पहिले दीड सेकंद रीडिंग सरळ टाकून देतो.

हिशेब मात्र आधीच करा. प्रत्येक पिन ० ते २.५ व्होल्टच फिरते, निगेटिव्ह जागची हलत नाही, म्हणजे एडीसी मोजू शकतो त्या ±२.५ पैकी ±१.२५ व्होल्टच हाती. एक बिट गेला. शिवाय कॉमन-मोडही (दोन्ही पिनांच्या व्होल्टेजची सरासरी) सिग्नलच्या निम्म्याने हलतो; काही एसएआर प्रकारच्या एडीसींना तो रेफरन्सच्या निम्म्यावर जवळपास स्थिरच लागतो. डेटाशीटमध्ये तशी अट दिसली, तर हे सर्किट सोडा आणि फुल्ली डिफरेन्शियल अँप (दोन्ही पिना एकमेकींच्या उलट हलवणारा) लावा.