चेनसॉ चालू होत नाही? आधी स्पार्क प्लग काढून बघा

दोरी ओढून खांदा भरून आला तरी इंजिन दाद देत नसेल, तर ओढणं थांबवा. बहुतेक वेळा चोक (थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारा खटका) देऊन ओढत राहिल्यामुळेच इंजिनात पेट्रोल जास्त होतं. प्लग खोला. टोक ओलं, काळपट आणि पेट्रोलचा वास मारणारं असेल, तर हेच झालंय. प्लग कोरडा पुसा, स्विच बंद ठेवून, चोक न देता दोरी सात-आठ वेळा ओढा. साचलेलं पेट्रोल प्लगच्या भोकातून उडून जाईल. तोंड भोकासमोर नको, जवळपास विडी-काडी तर नकोच. मग प्लग बसवून चोक न देता चालू करा.

प्लग कोरडा ठणठणीत निघाला, तर पेट्रोल पोचतच नाहीये. टाकीतला फिल्टर आणि नळी बघा. गेल्या हंगामातलं पेट्रोल असेल तर सरळ काढून टाका. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओल लवकर धरते. नवीन मिश्रणात टू-स्ट्रोक ऑइल माहितीपुस्तिकेप्रमाणेच घाला, 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली.

आणि एक, चोकवर इंजिनाने एकदा ‘भक्’ केलं की चोक लगेच कमी करायचा. इथेच बहुतेकांचं बिनसतं.