वाळवंटी बिगहॉर्नची शिकार: पारंपरिक धनुष्य घेऊन जाणाऱ्यांसाठी पूर्वतयारी

अ‍ॅरिझोना या अमेरिकी राज्यात वाळवंटी बिगहॉर्न या मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्याचा शिकार परवाना सोडतीने मिळतो आणि एका व्यक्तीला आयुष्यात असा एकच मेंढा मारता येतो. वर्षानुवर्षे बोनस गुण (सोडतीतली संधी वाढवणारे गुण) साठवूनही अनेकांचा क्रमांक लागत नाही. दोन-चार हंगाम शिकत शिकत काढण्याची सोय येथे नसल्यामुळे, जे शिकायचे ते परवाना हाती येण्यापूर्वीच शिकावे लागते. माझ्या मते त्याचा उत्तम मार्ग म्हणजे दुसऱ्या परवानाधारकाचा मदतनीस होऊन डोंगरात जाणे. मला हा प्राणी कळू लागला तो अशाच शिकारींमध्ये, तिवईवर बसवलेल्या दुर्बिणीतून तासन्‌तास समोरचे उतार न्याहाळताना. खडकाच्या रंगात मिसळून गेलेला मेंढा पुष्कळदा केवळ पार्श्वभागावरच्या पांढऱ्या पट्ट्यामुळे दिसतो, आणि शिंगांवरची वार्षिक वलये मोजून वय ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) किंवा लाँगबो (लांब, साधे धनुष्य) वापरणाऱ्याची खरी अडचण अंतराची आहे. कंपाउंड म्हणजे टोकांना चाके असलेले आधुनिक धनुष्य पूर्ण ताणल्यावर बोटांवरचा भार बराच कमी होतो; आपल्या धनुष्यात मात्र पन्नास पौंडांचा ताण बाण सुटेपर्यंत पूर्णच पेलावा लागतो आणि नेम धरण्यासाठी साधनही नसते. म्हणून ज्या अंतरावरून सकाळचा पहिलाच बाण, हात गरम नसताना, आठ इंचांच्या वर्तुळात दररोज बसतो, तेच आपले अंतर मानावे. बहुतेकांसाठी ते वीस यार्डांच्या आसपास असते. मेंढा त्याच्या पलीकडे उभा असेल तर धनुष्य ताणायचेच नाही, हे घरीच ठरवून टाकावे. सरावही सपाट मैदानावर न करता उतारावर, गुडघ्यावर बसून आणि खाली नेम धरून करावा. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अठ्ठावीस यार्डांवर दिसणारे लक्ष्य आडव्या अंतराने वीसच यार्डांवर असते. शिवाय खाली नेम धरताना हात न झुकवता कमरेतून वाकावे; नाहीतर ताण अपुरा राहून बाण भरकटतो.

मेंढ्याची नजर विलक्षण तीक्ष्ण असते, पण धोका खालून येईल अशी त्याची अपेक्षा असते. त्यामुळे वरून उतरत जाणे श्रेयस्कर. मात्र पहाटेची थंड हवा उताराने खाली वाहते आणि आपला वास थेट त्याच्यापर्यंत नेते. ऊन तापल्यावर हवा वर चढू लागते. मेंढे दुपारी रवंथ करीत बसलेले असताना, तीच जवळ जाण्याची वेळ. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरलेल्यांना तोल सांभाळणे जमेल, परंतु येथे एक दगडही घरंगळू देऊन चालत नाही.

चोया निवडुंगाचे काटे काढायला कंगवा आणि मुबलक पाणी जवळ असावे. बाकी सामान जितके कमी तितके बरे.

परवान्याची वाट पाहण्याचा काळ वाया घालवू नये. या मेंढ्यांसाठी १९३९ साली कोफा अभयारण्य राखले गेले, आणि आजही अ‍ॅरिझोना डेझर्ट बिगहॉर्न शीप सोसायटीचे स्वयंसेवक डोंगरात पाणवठे बांधतात व दुरुस्त करतात. पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया कळपच्या कळप खिळखिळे करतो, म्हणून कळप जपण्याच्या या कामाला हात लावणे मला परवान्याइतकेच मोलाचे वाटते. शिवाय तेथे जुने जाणते शिकारी भेटतात, आणि पुढच्या डिसेंबरात मदतनीस कोणाला हवा आहे हेही तेथेच समजते.