मराठवाड्यातल्या डोंगराचा मूडी फोटो कसा काढायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातनं काढून टाका, मूडी फोटो, म्हणजे गडद, गंभीर वातावरणाचा फोटो, त्याला धुकंच पाहिजे ही. रील बघून बघून आपल्याला वाटतं की माळशेजला गेल्याशिवाय काही खरं नाही. आपला भाग पडला पर्जन्यछायेत, इथं दिवसभर ढगात बुडालेला डोंगर क्वचितच मिळतो, पण आभाळ भरून आलेलं असताना मधेच उघडीप पडते आणि उन्हाची तिरीप माळावरनं सरकत डोंगरावर चढते, ते मात्र इथं लई बघायला मिळतं. काढायचा तो त्याचाच फोटो.

दिवस निवडा

झड लागलेल्या दिवशी जाऊ नका, आभाळ नुसतं सपाट पांढरं असतं. हवामान खात्याच्या साइटवर सॅटेलाइटचं चित्र बघायचं, ढगांचा सलग पट्टा दिसला तर घरी भजे खा, तुकडे तुकडे असतील तर गाडी काढा. मे-जूनमधे वळवाचे ढग दुपारनंतर चढतात, ते तर भारीच, फक्त विजा कडकडायला लागल्या की मोकळ्या पठारावर ट्रायपॉड लावून उभं राहायचं नाही, सरळ गाडीत जाऊन बसायचं.

जागा आणि दिशा

नुसती जागा माहीत असून भागत नाही, ऊन कुठनं येणार ते पण बघावं लागतं. दौलताबादवरून खुलताबादकडं घाट चढून मागं वळलं की देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, साधारण दक्षिणेला येतो. पावसाळ्यात संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीकडनं मावळतो, त्यामुळं किल्ला सपाट दिसतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य दक्षिणेकडं सरकलेला असतो, सकाळ-संध्याकाळ ऊन तिरकं समोरनं येतं आणि टेकडीची काळी आकृती उठून दिसते. देवगिरीचा खालचा कडा यादवांच्या काळात सरळ उभा तासलाय, त्या आकृतीत ती उभी रेघ आली पाहिजे, नाहीतर ती कुठलीही टेकडी वाटेल. शेजारी चांदमिनार फ्रेममधे घेतला की डोंगर केवढा आहे ते आपोआप कळतं.

दुसरी जागा कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम घाट. अजिंठ्याच्या रांगेचा हा कडा उत्तरेला, खाली चाळीसगावकडं तुटतो. वर्षातला बराच काळ तो सावलीत असतो, म्हणून निळा-काळा दिसतो. मे अखेर ते जुलै मध्यापर्यंत आपल्याकडं दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेवढे दिवस मात्र कड्यावर नीट ऊन पडतं. घाटात वळणावर गाडी थांबवू नका, गाड्या काय वाटेल तशा येतात. बीडकडच्यांनी बालाघाटात सौताड्याला जावं, धबधब्यापेक्षा तिथली खोल दरी मला जास्त आवडते.

लेन्स

इथं बहुतेक जण चुकतात. डोंगर मोठा दिसावा म्हणून मोबाईलवर वाइड लावतात आणि डोंगर होतो मुंगीएवढा. आपले डोंगर बसाल्टचे, सपाट माथ्याचे, थरावर थर, सह्याद्रीसारखे सुळके नाहीत. म्हणून दोन-तीन पट झूम करा, कॅमेरा असेल तर 70-200 एमएमची झूम लेन्स लावा, म्हणजे एकामागं एक रांगा जवळ येतात, पुढची काळी, मागची राखाडी, त्यामागची आभाळात विरलेली.

सेटिंग

कॅमेऱ्यात रॉ (फोटोची कच्ची फाइल) चालू, अॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक) एफ 8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 ते 400, हातात धरून 200 एमएम वापरत असाल तर शटर 1/250 च्या खाली नको. व्हाइट बॅलन्स (रंगांचा थंड-उबदारपणा) ऑटोवर ठेवू नका, ऑटो तो सुंदर निळेपणा पुसून टाकतो, 5200 के (केल्विन) ला फिक्स करा. काळा दगड दिसला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, -0.7 ते -1 ला खाली घ्या. मोबाईलवर ढगाच्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. एचडीआर बंद करता आलं तर करा, ते सावल्या उजळून सगळा मूड घालवतं.

मग थांबा

खरं काम हेच. पावसाळ्यात वारं बहुतेक पश्चिमेकडनं, म्हणून पश्चिमेला ढगात फट दिसते का बघत राहायचं. फट दिसली की तिच्या उन्हाचा तुकडा रानातनं सरकताना दिसतो, आधी दूरची बाजरी पिवळी होते, मग मधला पाझर तलाव चमकतो, मग डोंगराची सोंड. तो तुकडा सोंडेवर येईपर्यंत फ्रेम तयार पाहिजे, कारण थोड्याच वेळात खेळ खलास. तेवढ्यात कुणीतरी येऊन "काय करायलेत?" विचारणारच, उत्तर द्या पण नजर हलवू नका 😄

एसी गाडीतनं एकदम बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते, पोचायच्या आधी काचा खाली करून एसी बंद करा. भुरभुर असेल तर कॅमेऱ्यावर साधी शॉवर कॅप चालते. अन् हो, देवगिरीच्या आत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, बाहेरनं काढला तर ही भानगडच नाही.

एडिटिंग

लाइटरूम किंवा स्नॅपसीड, काहीही चालेल. हायलाइट्स (उजळ भाग) कमी, ब्लॅक्स (एकदम काळे भाग) थोडे खाली, शॅडोजला (सावल्यांना) हात लावू नका. आपल्याकडचा पावसाळी हिरवा फोटोत फार पोपटी येतो, त्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आणि उजेड दोन्ही कमी करा, निम्मा फोटो तिथंच सुधरतो. धूसरपणा घालवणारा डीहेझ ओढू नका, मागच्या रांगा विरलेल्याच चांगल्या. उन्हाच्या तुकड्यावर एक गोल मास्क (तेवढाच भाग बदलायची निवड) टाकून किंचित उजळ आणि उबदार करा, लांबनं दिव्यासारखा दिसला तर जास्त झालंय, कमी करा.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की काळ्या भागात चौकोन चौकोन दिसायला लागतात.